आईला कोविड झाला, म्हणून ताटातूट कशाला?

"आईला कोविड असेल तर बाळ तिच्यापासून लांब ठेवा, अंगावरचं दूध तर मुळीच नको." २०२० मध्ये पसरलेला हा समज अजूनही कानावर येतो. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितलं होतं: आई-बाळाला एकत्र राहू द्या, त्वचेला त्वचा लागेल असं बाळ छातीशी धरू द्या, स्तनपान सुरू ठेवा. आईने मास्क लावायचा आणि बाळाला घेण्याआधी हात स्वच्छ धुवायचे. दुधातून लागण होते असं दिसलेलं नाही. उलट त्या दुधात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं सापडली. आई फारच आजारी असेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजता येतं.

सुरुवातीला माहिती कमी होती, त्यामुळे अनेक रुग्णालयांनी धास्तीपोटी बाळं वेगळी ठेवली, हे समजू शकतं. पण पान्हा फुटून गाऊन भिजलाय आणि बाळ दिसतंय ते फक्त मोबाइलच्या पडद्यावर, हे ज्यांनी सोसलं, त्यातल्या कितीतरी जणी आजही स्वतःलाच बोल लावतात. बायांनो, तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

आणखी एक: कोविड आहे एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करावं लागत नाही. कळा सोसताना जवळ आपलं माणूस असावं, ही शिफारसही महामारीत कायमच होती.