भूमिमूल्य कर

भूमिमूल्य कर म्हणजे जमिनीवरील बांधकाम हिशेबात न धरता केवळ जागेच्या बाजारमूल्यावर दरवर्षी आकारला जाणारा कर. मजला चढवला किंवा गाळा दुरुस्त केला म्हणून तो वाढत नाही, जागा मोक्याची झाली की वाढतो. अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये या कराचा ठामपणे पुरस्कार केला. त्यामागचा आधार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या खंडसिद्धांताचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याविषयीच्या सिद्धांताचा आहे: कर लागला म्हणून जमीन कमी होत नाही की दुसरीकडे नेता येत नाही, आणि भाडेकरूला परवडेल तेवढे भाडे मालक खुल्या बाजारात आधीच घेत असल्याने हा बोजा त्याच्यावर ढकलता येत नाही. खाड्या बुजवून सात बेटे जोडलेल्या मुंबईत 'जमीन वाढत नाही' हे म्हणणे खटकेल. पण नरिमन पॉइंटला किंमत आली ती भरावाच्या मातीमुळे नव्हे, तर चर्चगेट स्थानक, मंत्रालय आणि भोवतालच्या कार्यालयांमुळे.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या एखाद्या स्थानकाजवळ लागून असलेले दोन सारखे भूखंड डोळ्यांसमोर आणावेत: एकावर माणसांनी भरलेली इमारत, दुसऱ्याला पत्रे ठोकून कुलूप, आत कमरेएवढे गवत. मेट्रोमुळे दोन्ही जागांचा भाव चढतो, पण बांधकामासह आकारणी होते तेव्हा ज्याने घरे बांधली तोच अधिक कर भरतो. भूमिमूल्य करात दोघांना सारखीच रक्कम भरावी लागेल आणि जागा अडवून ठेवणे महाग पडेल. दहा बाय दहाच्या खोलीत अख्खे कुटुंब राहते अशा शहरात या युक्तिवादाला मोठे वजन आहे. गिरणगावात तर १९८२ च्या संपानंतर धुरांडी थंड पडली, तरी गिरण्यांच्या जमिनींचे भाव चढतच गेले. ती वाढ मालकांच्या उद्योगातून आलेली नव्हती, शहराने निर्माण केलेली होती.

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. त्यासाठी शीघ्र सिद्ध गणकातील (रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्ता दरांचा तक्ता) दर धरतात, पण त्यांना बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे गुणक लागत असल्याने हा निव्वळ जमिनीवरचा कर ठरत नाही. जमिनीच्या भावी बांधकामक्षमतेवर आकारणी करणारे महापालिकेचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्यामुळे पत्र्यांआडच्या भूखंडावर त्याच्या पूर्ण क्षमतेनुसार कर लावायचा, तर आधी कायदाच बदलावा लागेल.

भूमिमूल्य करावरचा सर्वांत गंभीर आक्षेप रोख रकमेचा आहे. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या घरांच्या इमारतीत जमीन कोट्यवधींची असते, पण हाती येते ते जुने नाममात्र भाडे. वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीत जागा विकायची नसतेच. तिथे होड्या ओढायच्या असतात, जाळी विणायची असतात, मासळी सुकवायची असते. अशा ठिकाणी बाजारभावाने दरवर्षी वसुली करणे म्हणजे माणसांना हुसकावणे होय. म्हणून जागेची विक्री किंवा पुनर्विकास होईपर्यंत कर नावावर साठवून ठेवण्याची मुभा मूळ कायद्यातच असली पाहिजे.