पाण्याची बाटली आमच्याकडे देण्याआधी

घरच्या पाणी तपासण्याच्या किटवर फॉस्फेट शून्य आणि आमच्या रिपोर्टवर भलताच आकडा, असे का? रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय, ठेवणारे ग्राहक हे सतत विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहोत.

आधी एकक पाहा. काही मीटर फॉस्फरस दाखवतात, फॉस्फेट नव्हे. त्या आकड्याला ३.०७ ने गुणावे लागते; ३० पीपीबी फॉस्फरस म्हणजे ०.०९ पीपीएम फॉस्फेट (१,००० पीपीबी म्हणजे १ पीपीएम). नायट्रेट-नायट्रोजनचे नायट्रेट करायला ४.४३ ने गुणा. निम्मे वाद इथेच मिटतात.

उरलेल्यांचे कारण वेगळे. किटमधल्या मॉलिब्डेटने येणारा निळा रंग मुख्यतः विरघळलेल्या असेंद्रिय फॉस्फेटचा असतो. उरलेले खाद्य, जिवाणू, प्रवाळांचा चिकट स्राव यांत अडकलेला सेंद्रिय फॉस्फरस त्यात येत नाही. दगडांवर केसाळ शेवाळ माजलेले आणि किटवर शून्य, हे म्हणूनच घडते: सुटलेले फॉस्फेट शेवाळ लगेच ओढून घेते. एकूण फॉस्फरस काढायचा तर पाण्यात पर्सल्फेट आणि आम्ल घालून ते तापवावे लागते, मग सेंद्रिय भाग फुटून मोजता येतो. ‘एकूण’च्या रिपोर्टला वेळ लागतो तो यामुळे.

आता आमचा खरा त्रास: शिळे पाणी. रात्री भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी गाडीत फिरून संध्याकाळी आमच्या टेबलावर येते. तोवर आतले जिवाणू थांबलेले नसतात. ते कधी फॉस्फेट खातात, कधी तरंगत्या गाळातून नवे सोडतात. आकडा वरही जातो, खालीही. कोणत्या बाजूला आणि किती, हे मागाहून सांगता येत नाही. म्हणून आम्ही अंदाजाने दुरुस्ती न करता पुन्हा पाणी मागतो. फेरी वाढते, मान्य आहे. पण चुकीच्या आकड्यावर डोसिंग केलेले, म्हणजे टँकमध्ये रसायनांची मात्रा घातलेली, त्याहून महाग पडते.

पाणी असे भरा. खाद्य किंवा डोस देण्याआधी, पंप चालू असताना, पृष्ठभागाच्या १०-१५ सेंटीमीटर खालून घ्या. बाटली साबणाने धुऊ नका, टँकच्याच पाण्याने तीनदा खळबळा. कोलाची रिकामी बाटली तर नकोच: त्यात फॉस्फोरिक आम्ल असते, तळाशी थेंबभर राहिले तरी रिपोर्ट बिघडतो. १०० मिलीच्या दोन बाटल्या भरा. पहिलीत पाणी सिरिंजला लावलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या, सुरुवातीचे १० मिली फेकून द्या, ही असेंद्रियसाठी. दुसरी न गाळता, ‘एकूण’साठी. दोन्हींवर वेळ लिहा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर फक्त गाळलेली बाटली गोठवा, वर थोडी जागा सोडून. न गाळलेली गोठवली की पेशी फुटतात आणि आतले सगळे पाण्यात उतरते.

नायट्रेटबद्दल एवढेच: बहुतेक किट नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मोजतात, त्यामुळे नव्या टँकमध्ये नायट्राइट असताना आकडा फुगतो. नायट्राइट सोबतच तपासून घ्या. काही जण सीओडी मागतात, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय भाग जाळायला किती ऑक्सिजन लागतो याची चाचणी. समुद्री पाण्यातले क्लोराइड, जवळपास १९,००० पीपीएम, त्या चाचणीचा पुरता गोंधळ करते, म्हणून ती आम्ही करत नाही.

‘एकूण’ जास्त आणि असेंद्रिय कमी आले तर फॉस्फेट शोषणारे माध्यम वाढवू नका. आधी गाळ सायफनने काढा, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) लवकर बदला, स्किमरचा (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप आणि नळी धुवा. ते माध्यम आम्हीही विकतो, पण अशा वेळी विकत नाही. दोन्ही आकडे चढलेले असतील तेव्हा जरूर विचारा, टँकच्या पाण्याच्या हिशेबाने मात्रा काढून देऊ.

स्वच्छ बाटल्या, सिरिंज आणि फिल्टर तपासणीच्या संचातच मिळतात. संच आदल्या दिवशी न्या, पाणी सकाळी भरा.