सीझरच्या नाण्यावरचा हत्ती

इ.स.पू. ४९च्या जानेवारीत ज्यूलियस सीझरने सैन्यासह इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडली आणि रोममध्ये यादवीला तोंड फुटले. पुढे त्याने सॅटर्नच्या मंदिरातला सरकारी खजिना ताब्यात घेतला, आणि त्याच सुमारास सैन्यासोबत फिरणाऱ्या टाकसाळीत, चार ग्रॅमला थोडे कमी भरणारे चांदीचे देनारियस हे नाणे मोठ्या संख्येने पाडले गेले.

नाण्याच्या एका बाजूला यज्ञाची पळी, जलसिंचनाचा कुंचा, पशुबळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोकदार टोपी आहे. सीझर इ.स.पू. ६३ पासून रोमचा प्रमुख धर्माधिकारी होता, तेव्हा त्यात कोडे काही नाही. कोडे आहे ते दुसऱ्या बाजूला. तिथे एक हत्ती चालला आहे, त्याच्या पुढच्या पायाजवळ फणा काढल्यासारखी वळणदार आकृती आहे, जिला कोणी साप म्हणतात तर कोणी गॉल लोकांचे रणशिंग, आणि खाली ‘सीझर’ एवढीच अक्षरे आहेत.

रोमन चांदीवर प्राण्यांच्या रूपाने राजकारण बोलणे तेव्हा नवे नव्हते. इ.स.पू. ९१ ते ८८च्या युद्धात रोमविरुद्ध उठलेल्या इटालियन मित्रराष्ट्रांनी आपल्या देनारियसवर रोमच्या लांडगीला शिंगावर घेणारा बैल दाखवला होता. हत्ती मात्र एका घराण्याची खूण होती. इ.स.पू. २५० मध्ये पनॉर्मस, म्हणजे आजच्या पालेर्मो, येथे लुसियस सेसिलियस मेटेलसने कार्थेजचे हत्ती पकडून रोममध्ये मिरवले, आणि शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच्या वंशजांनी ते हत्ती नाण्यांवर आणले.

गंमत अशी की खजिन्यापाशी सीझरला आडवा गेलेला ट्रिब्यून, म्हणजे जनतेचा निवडून दिलेला अधिकारी, मेटेलस घराण्यातलाच होता. सीझरने त्याला ठार करण्याची धमकी देऊन बाजूला सारले. यादवीतला सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे याच्या पक्षाचा सेनापती मेटेलस स्किपिओ हाही त्याच नावाचा. उत्तरकालीन रोमन लेखक सांगतात की उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या भाषेतील हत्तीच्या नावावरून ‘सीझर’ हे नाव आले. ती कथा सैनिकांच्या कानावर असेलही, पण शत्रूच्या घराण्याची खूण उचलून तिच्याखाली स्वतःचे नाव घालण्यात मला तरी डिवचण्याचाच हेतू दिसतो.

इ.स.पू. ४७-४६ मध्ये आफ्रिकेत स्किपिओनेही स्वतःच्या नावाचे हत्तीछाप देनारियस पाडले. ४६ मध्ये थाप्ससच्या रणांगणावर त्याच्या बाजूने नुमिडियाच्या जुबा राजाचे खरे हत्ती उतरले, ते उधळले, आणि त्यांना तोंड देणाऱ्या सीझरच्या पाचव्या लीजनने, म्हणजे सैन्यदलाने, आपल्या निशाणांवर हत्ती घेतला.