महाधिवक्ता

महाधिवक्ता : भारतातील घटक राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी. संविधानाच्या अनुच्छेद १६५ अन्वये राज्यपाल त्याची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी लागते. अनुच्छेद २१७ प्रमाणे दहा वर्षांची वकिली किंवा तितकाच काळ न्यायिक पद, अशी ती पात्रता. न्यायिक पदाची वाट कायद्याने मोकळी असली तरी महाधिवक्ता बहुधा भरात असलेल्या वकिलांतून निवडला जातो. पद स्वीकारल्यावर तो शासनाचा होतो, पण अंगावरचा काळा गाऊन उतरवत नाही. त्याला अधिकारी म्हणावे की वकील, हा या पदाच्या इतिहासातील मूळ प्रश्न असून तो कंपनी सरकारच्या काळापासून चालत आला आहे.

संज्ञा : संविधानाच्या मराठी पाठात केंद्राच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याला ‘महान्यायवादी’ आणि राज्याच्या अधिकाऱ्याला ‘महाधिवक्ता’ म्हटले आहे. वृत्तपत्रांत मात्र या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते. महान्यायवाद्याच्या खालोखाल असलेल्या केंद्राच्या सॉलिसिटर जनरललाही महाधिवक्ता म्हटलेले आढळते. न्यायालयाच्या आवारात अजूनही ‘अ‍ॅडव्होकेट जनरल’ किंवा नुसते ‘एजी’ हेच चालते. प्रस्तुत नोंदीत ब्रिटिश काळातील पदाधिकाऱ्यांसाठीही सोयीकरिता ‘महाधिवक्ता’ हाच शब्द योजला आहे.

उगम : या पदाचा आरंभ कोठून मानावा याबाबत एकवाक्यता नाही. एका मतानुसार ईस्ट इंडिया कंपनी आपल्या दाव्यांसाठी जे बॅरिस्टर बाळगत असे त्यांतूनच हे पद आले. कोलकात्याला १७७४ मध्ये सुप्रीम कोर्ट स्थापन झाल्यावर कंपनीला तेथे वारंवार बाजू मांडावी लागली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सर जॉन डे हे बंगालचे महाधिवक्ता म्हणून दिसतात. मुंबईला १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आणि १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आले, तेव्हा येथेही तशीच गरज निर्माण झाली. या मताप्रमाणे महाधिवक्ता हा मुळात एका व्यापारी मंडळीचा वकील ठरतो.

दुसरे मत १८१३ च्या सनदी कायद्यावर भर देते. त्याच्या कलम १११ ने तिन्ही इलाख्यांच्या महाधिवक्त्यांना राजाच्या वतीने न्यायालयात फिर्यादवजा निवेदन दाखल करण्याचा अधिकार दिला. इंग्लंडमध्ये हा अधिकार राजाच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे असे. कंपनीचे महसुली येणे वसूल करण्याची सोय एवढाच या कलमाचा मर्यादित हेतू होता, असेही म्हटले जाते. तथापि प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातील अपिले ऐकणाऱ्या लंडनमधील सर्वोच्च न्यायपीठाने, मद्रासच्या एका प्रकरणात, १८४६ च्या सुमारास, सार्वजनिक धर्मादायांच्या रक्षणासाठीही महाधिवक्ता या कलमाखाली न्यायालयात जाऊ शकतो असे धरले. पुढील घडामोडी पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कंपनीच्या वकिलाला पगार मिळत असेल, पण सार्वजनिक हिताच्या नावाने दावा लावण्याची मुखत्यारी त्याला कंपनीने दिली नव्हती. ती राजसत्तेकडून आली. १९१५ च्या भारत सरकार कायद्यातही इंग्लंडच्या अ‍ॅटर्नी जनरलला करता येण्याजोगी कारवाई इलाख्याच्या महाधिवक्त्यास करता येईल, अशी तरतूद कायम होती. १९३५ च्या कायद्यापासून आरंभ धरणारे तिसरे मतही आहे, परंतु ते आजच्या घटनात्मक स्वरूपापुरतेच खरे आहे.

धर्मादाय व महाधिवक्ता : या अधिकाराचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातच सापडते. ‘आगाखान खटला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८६६ च्या वादात कागदोपत्री वादी मुंबईचे महाधिवक्ता होते. खरे तक्रारदार होते दया मुहंमद आणि खोजा या मुस्लिम व्यापारी जमातीतील इतर मंडळी. त्यांना जमातीच्या मालमत्तेवरील इस्माइली धर्मगुरू आगाखान यांचा अधिकार मान्य नव्हता. सार्वजनिक विश्वस्त मालमत्तेबद्दल खाजगी व्यक्तींना थेट दावा लावता येत नसल्याने त्यांनी महाधिवक्त्याचे नाव पुढे केले. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी नोव्हेंबर १८६६ मध्ये आगाखानांच्या बाजूने निकाल दिला आणि खोजांच्या धार्मिक इतिहासाचा विस्तृत ऊहापोह केला. एका जमातीचा धर्म कोणता, हा प्रश्न सरकारी विधी अधिकाऱ्याच्या नावावर लढला गेला, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या कार्यपद्धतीत ती स्वाभाविक होती. दाऊदी बोहरा समाजातील चांदाभाई गल्ल्याच्या, म्हणजे चांदाभाईंच्या कबरीवरील दानपेटीच्या, वादातही महाधिवक्ता असेच वादी होते. त्याचा निकाल न्यायमूर्ती मार्टेन यांनी १९२१ मध्ये दिला.

इकडे दिवाणी प्रक्रिया संहितेने या अधिकाराला वेगळे रूप दिले. १८७७ च्या संहितेतील कलम ५३९ आणि पुढे १९०८ च्या संहितेतील कलम ९२ यांनुसार सार्वजनिक विश्वस्त निधीबाबतचा दावा एकतर महाधिवक्त्याने लावायचा, किंवा त्याची लेखी संमती घेऊन दोन वा अधिक हितसंबंधी व्यक्तींनी. इलाख्याच्या मुख्य शहराबाहेर हेच काम कलम ९३ खाली जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांकडे सोपविता येई. १९७६ च्या दुरुस्तीने महाधिवक्त्याच्या संमतीऐवजी न्यायालयाची परवानगी आली. मुंबई राज्यात मात्र त्याआधीच, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने, कलम ९२ व ९३ बाजूला सारून धर्मादाय आयुक्त हा स्वतंत्र अधिकारी निर्माण केला होता. महाराष्ट्रापुरते पाहता महाधिवक्त्याचे शतकभराचे हे काम दुसऱ्या कार्यालयात गेले. धर्मादाय आयुक्ताला त्याचा वारस म्हणणे फारसे चुकीचे होणार नाही.

फौजदारी खटले : मराठी वाचकाला हे पद अधिक परिचित आहे ते राजद्रोहाच्या खटल्यांमुळे. लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या खटल्यात सरकारतर्फे महाधिवक्ता बेसिल लँग उभे होते. १९०८ च्या खटल्यात त्याच नात्याने ब्रॅन्सन यांनी काम पाहिले व त्यांच्या जोडीला बॅरिस्टर इन्व्हेरॅरिटी होते. अहमदाबादेत १८ मार्च १९२२ रोजी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे महात्मा गांधींवर चाललेल्या खटल्यात महाधिवक्ता सर थॉमस स्ट्रँगमन यांनी सरकारची बाजू मांडली. पुढे गांधीहत्येचा खटला दिल्लीच्या लाल किल्ल्यात चालला, तेव्हा अभियोगपक्षाचे नेतृत्व मुंबईचे तत्कालीन महाधिवक्ता चंद्रकिसन दफ्तरी यांच्याकडे होते.

विधिमंडळातील स्थान : अनुच्छेद १७७ प्रमाणे महाधिवक्त्यास विधिमंडळाच्या सभागृहात व समित्यांत बोलता येते, मतदान करता येत नाही, अनुच्छेद १९४ खालील विशेषाधिकार त्यालाही लागू असतात. ही तरतूद नवीन नाही. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने मुंबई व मद्रासच्या गव्हर्नरांना कायदे करण्यासाठी जे जादा सभासद नेमायला सांगितले, त्यांत महाधिवक्त्याचे नाव सर्वांत आधी होते आणि त्याच्याखेरीज चार ते आठ व्यक्ती घ्यायच्या होत्या. तेव्हा तो मत देणारा सभासद होता. आज केवळ सल्ला देणारा आहे.

घटनात्मक स्वरूप : १९३५ च्या कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक प्रांतास महाधिवक्ता दिला, आणि नेमणूक व बडतर्फी या बाबतीत गव्हर्नरने स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागावे असे ठरविले. संविधानाच्या १९४८ च्या मसुद्यात, अनुच्छेद १४५ मध्ये, वेगळाच विचार दिसतो : मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की महाधिवक्त्यानेही निवृत्त व्हावे. संविधान सभेत ही तरतूद गळाली व ‘राज्यपालांची मर्जी असेपर्यंत’ हा मजकूर आला. मर्जी राज्यपालांची असली तरी ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालते. म्हणून सरकार बदलले की महाधिवक्ता सहसा आपण होऊन राजीनामा देतो. मसुद्यातून वगळलेला नियम अशा प्रकारे प्रघात म्हणून टिकला आहे.

वयोमर्यादेचा प्रश्न नागपुरात उपस्थित झाला. जुन्या मध्य प्रदेशाचे महाधिवक्ता टी. एल. शेवडे यांनी वयाची साठ वर्षे ओलांडली होती. त्या वेळी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होत. जो न्यायाधीश राहू शकत नाही तो महाधिवक्ता कसा होऊ शकतो, असा आक्षेप करकरे विरुद्ध शेवडे या प्रकरणात घेण्यात आला. नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो फेटाळला : निवृत्तीचे वय ही पदाची मुदत आहे, पात्रता नव्हे. यामुळे वयस्क वकिलांना आणि निवृत्तांनाही पदाची वाट मोकळी राहिली.

पद की वकीलपत्र : महाधिवक्ता ‘पद धारण करतो’ असे संविधानच म्हणत असल्याने त्याच्याबाबत शंका उरत नाही. त्याच्या हाताखालील विधी अधिकाऱ्यांबाबत मात्र ती उरते. कांता कथुरिया प्रकरणात, १९६९ मध्ये, राजस्थानातील एका विशेष सरकारी वकिलाने लाभाचे पद (जे धारण केल्यास विधिमंडळाच्या सदस्यत्वास अपात्रता येते) धारण केले होते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तीन न्यायमूर्तींनी ते पद नव्हे, एका कामापुरते दिलेले वकीलपत्र होय असे ठरविले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला व न्यायमूर्ती मित्तर यांनी भिन्न मत दिले. हिदायतुल्ला स्वतः नागपूरला सरकारी वकील आणि १९४३ ते १९४६ या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता होते, ही बाब या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. नंतरच्या निकालांतही हा ताण दिसतो. उत्तर प्रदेशातील सर्व जिल्हा सरकारी वकिलांना एकाच परिपत्रकाने दूर करण्याचा शासनाचा निर्णय श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात रद्द झाला, कारण या कामात सार्वजनिक अंश आहे असे न्यायालयाने मानले. २००४ च्या जोहरी मल निकालात पुन्हा व्यावसायिक नेमणुकीवर भर आहे. दोन्हींचा मेळ घालायचा तर असे म्हणता येईल की वकिलाला पदावर हक्क नाही, पण शासनालाही मनमानीचा हक्क नाही.

महाराष्ट्रात उच्च न्यायालयातील सरकारी वकील व अभियोक्ते यांच्या नेमणुका १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनुसार होतात. मंत्रालयातील विधी व न्याय विभागाचे विधी परामर्शी (शासनाचा कायदेविषयक सल्लागार) हे पद याहून निराळे. ते न्यायिक सेवेतील अधिकाऱ्यांकडे असते, म्हणजे तेथे वकिलाऐवजी न्यायाधीश शासनात येतो.

कर्तव्ये : शासनाला कायदेशीर सल्ला देणे आणि महत्त्वाच्या प्रकरणांत बाजू मांडणे हे नित्याचे काम. याशिवाय १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाच्या कलम १५ खाली फौजदारी अवमानाची कारवाई तो स्वतः सुचवू शकतो, किंवा इतरांना त्यासाठी लेखी संमती देतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार तो राज्य वकील परिषदेचा पदसिद्ध सभासद असून न्यायालयात इतर ज्येष्ठ वकिलांआधी ऐकले जाण्याचा मान त्याला आहे.

पदाधिकारी : मुंबईच्या महाधिवक्त्यांपैकी बेसिल स्कॉट १९०८ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. सर जमशेदजी कांगा यांचा प्रवास उलट दिशेचा : अल्पकाळ न्यायाधीशपद सांभाळून ते १९२२ मध्ये महाधिवक्ता झाले व १९३५ पर्यंत राहिले. त्यांच्या चेंबरमधून वकिलांची एक पिढीच बाहेर पडली. मोतीलाल सेटलवाड यांनी १९३७ ते १९४२ हे पद सांभाळून राजीनामा दिला आणि १९५० मध्ये ते भारताचे पहिले महान्यायवादी झाले. दफ्तरी त्याच वर्षी पहिले सॉलिसिटर जनरल व १९६३ मध्ये महान्यायवादी झाले.

कांगांच्याच चेंबरमधील होर्मसजी सिरवई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे महाधिवक्ता होते. द्वैभाषिक मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, मुख्यमंत्री बदलले, सिरवई राहिले. भारतीय संविधानावरील त्यांचे भाष्य १९६७ मध्ये, पदावर असतानाच, प्रसिद्ध झाले. संसदेच्या संविधानदुरुस्तीच्या अधिकाराच्या मर्यादा ठरविणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात ते केरळ शासनातर्फे उभे होते. त्यांचे तेव्हाचे साहाय्यक तेहमतन अंध्यारुजिना नव्वदच्या दशकात महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. बॅरिस्टर रामराव आदिक या पदावरून पुढे राजकारणात उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. नागपूरचे अरविंद बोबडे ऐंशीच्या दशकात दोनदा महाधिवक्ता होते. विदर्भातूनच आलेल्या श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र विदर्भापाठोपाठ मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याविषयीही मत मांडल्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये, नेमणुकीनंतर सुमारे पाच महिन्यांनी, त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला.