कपाशीवरचा ‘लाल्या’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या वावरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, लाल पडली की दोन शब्द सोबतच फिरू लागतात. कास्तकार म्हणतो, ‘लाल्या रोग आला.’ पाहणीला आलेले साहेब म्हणतात, ‘हा रोग नाही, विकृती आहे.’ नुकसानभरपाईचे बरेच वाद या दोन शब्दांपाशी येऊन अडले आहेत.

वऱ्हाडचा कापूस जुना. १८६१-६५ च्या अमेरिकन यादवीत त्याचा भाव वधारला, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, पेरा वाढत गेला. ती देशी कपाशी होती: आखूड धागा, लहान बोंड, पण पावसाचा खंड सोसणारी. १९७० नंतर संकरित वाण पसरले. लाल्याचा आजचा वाद मात्र मार्च २००२ मध्ये बीटीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली त्यानंतरचा.

पूर्वी पहिल्या पात्या (कळ्या) आणि बोंडे अळी खायची, झाड पुन्हा फुटायचे, माल टप्प्याटप्प्याने धरायचा. बीटीने पहिला बहर वाचवला आणि माल एकदम लागू लागला. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळी बोंडे एकाच वेळी पोसावी लागतात. सरकी भरताना झाड पानांतले नत्र आणि मॅग्नेशियम बोंडांकडे ओढते. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याचा गाभा. तो घटला की हिरवा रंग उतरतो आणि अँथोसायनिन या रंगद्रव्याची लाली वर येते. मुळांनी त्याच वेगाने जमिनीतून अन्न उचलले तर झाडाचे भागते. पण विदर्भातली बहुतांश कपाशी कोरडवाहू. परतीचा पाऊस सरला की बरड, मुरमाड जमिनीची ओल भरभर जाते. काळ्या भारी जमिनीत त्रास उलटा: ऑगस्टच्या झडीत वापसाच येत नाही, म्हणजे जादा पाणी निथळून जमीन मोकळी होत नाही, मुळांना हवा मिळत नाही, पांढरी मुळे कुजतात, आणि पुढे ओल असूनही झाड उपाशी राहते. त्यात रात्री गार होऊ लागल्या की लाली झपाट्याने चढते.

गोंधळ वाढवतात ते पानांचा रस शोषणारे तुडतुडे, कारण त्यांच्यामुळेही पान तांबडे पडते. फरक वावरात उभ्या उभ्या कळतो. पान उलटे करावे. तुडतुड्यांचे असेल तर कडा वळलेल्या, आधी पिवळ्या मग तांबड्या, आणि शिरांजवळची फिकट हिरवी पिल्ले बोट नेताच तिरपी पळतात. ताणाचा लाल्या असेल तर तो खालच्या पानांपासून सुरू होतो. पान सपाट, पाठ स्वच्छ, शिरा अजून हिरव्या आणि मधली जागा जांभळट लाल.

आता शब्दाकडे. ना बुरशी, ना विषाणू; म्हणून शास्त्राच्या भाषेत ‘विकृती’ हा शब्द बरोबरच आहे. पण सरकारी मदतीच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, किडीचा हल्ला यांना जागा आहे, अन्नद्रव्याच्या कमतरतेला नाही. पंचनाम्यात ‘विकृती’ लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ होतो, ‘कास्तकाराने खत नीट दिले नाही.’ इथे मोठा अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळदा मॅग्नेशियम जमिनीत असते. झाडाला ते उचलू दिले नाही ते पावसाने, कधी न येऊन तर कधी न थांबून. १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट आणि २ टक्के युरिया किंवा डीएपी खत फवारण्याचा सल्ला खराच आहे, फायदाही होतो. पण पाय रुततो अशा वावरात पाठीवर पंप घेऊन शिरणार कोण? आणि कोरडी पडलेली मुळे फवाऱ्याने ओली होत नाहीत.

‘आकस्मिक मर’ याच घरातली. लांब उघाडीनंतर धो-धो पाऊस पडला की बोंडांनी लदलेले झाड एक-दोन दिवसांत माना टाकते. तीही ‘विकृती’च.

कागदावर थोडी हालचाल झाली ती अलीकडे. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी, ही जुनी फूटपट्टी. रोज वीस-तीस मिलिमीटर अशी आठवडाभर लागलेली झड मात्र तिच्यात कधीच बसत नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ती मानली. १५ जुलै ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस, शिवाय त्या काळातल्या मागील १० वर्षांच्या सरासरीच्या दीडपट. मग उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा तपासायचा, आणि नुकसान ३३ टक्क्यांवर असले तर मदत. झडीने पीक मरते हे पहिल्यांदा नियमात उतरले, त्याचे महत्त्व कमी नाही.

तरी कपाशीचा हिशेब त्यात पुरता बसत नाही. हिरवेपणाची तपासणी पावसानंतर थोड्याच दिवसांत होते, तेव्हा पऱ्हाटी वरून हिरवीच असते. मुळे ऑगस्टात कुजलेली असतात. पान लाल होते ऑक्टोबरअखेर. आणि दुसऱ्या वेच्याला (वेचणीला) नोव्हेंबरात बोंड अर्धवट उकलून हाताला हलके लागते.