रोटरी हॅमरच्या तोंडाशी धुळीचा डबा कसा आला: पार्श्वभूमी

बंद खोलीत काँक्रीटला भोके पाडायची असतील तर बॅटरीवरचा रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारे ड्रिल, निवडताना व्होल्टबरोबर आता डस्ट बॉक्सचीही चौकशी होते. ही चौकशी तशी नवी आहे. बिनवायरीचे ड्रिल बाजारात आले १९६१ मध्ये, निकेल-कॅडमियम बॅटरी घेऊन. १९७१ मध्ये बॅटरीवर चालणारे, ठोके देत फिरणारे ड्रिल चंद्रावरही जाऊन आले. तिथे भुकटी हा नमुनाच होता, त्यामुळे ती त्रासदायक वाटण्याचा प्रश्न नव्हता. पृथ्वीवरचा रोटरी हॅमर मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत वायरीलाच बांधलेला राहिला, आणि त्यानंतरही बॅटरी चार भोकांत मान टाकायची. २००५ च्या सुमारास लिथियम-आयन पॅक आले तेव्हा कुठे दिवसभराचे काम बॅटरीवर निभू लागले. (डब्यावरच्या ‘२० व्होल्ट’ला भुलू नये. पाच सेल पूर्ण चार्ज झाल्यावरचा तो आकडा आहे. तेच पॅक दुसरा कारखाना १८ व्होल्टचे म्हणून विकतो.) युरोपीय संघात हत्यारांच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना असलेली सूट २०१६ च्या अखेरीस संपली आणि तो अध्याय तिथे बंद झाला.

धुळीचा इतिहास याहून जुना आणि खाणींतला आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत एका यंत्रकाराने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ड्रिलसाठी पोकळ बिट (दगडात शिरणारी सळई) केला आणि भोकातली भुकटी उडवायला त्यातून हवा सोडली. ती सगळी खाणकामगारांच्या तोंडावर आली आणि कामगारांनी मशीनला हात लावायचे नाकारले. मग त्याने त्याच पोकळीतून पाणी सोडले. धूळ पाण्याने दाबायची ही रीत खाणीत रुळली, पण रंग दिलेल्या, फर्निचर लावलेल्या खोलीत तिचा उपयोग नाही. तिथे चिखल गळणार, शिवाय विजेचे हत्यार. घरातल्या कामाला कोरडेच भोक पाडावे लागते, म्हणजे धूळ ओढून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ती ओढून घेण्याची निकड का वाटली, हे साध्या हिशेबाने कळते. १० मिलिमीटर व्यासाचे, ५० मिलिमीटर खोल एक भोक म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम काँक्रीटची भुकटी. अमेरिकेतल्या कामाच्या जागी श्वसनयोग्य स्फटिकी सिलिकाची (वाळू-खडीतल्या खनिजाच्या, फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीची) मर्यादा आहे दर घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. ही मर्यादा गाठायला त्या सगळ्या हवेत मिळून १.८ मिलिग्रॅम पुरतात. नऊ ग्रॅममधली सगळी भुकटी सिलिका नसते, आणि सिलिका असते ती सगळी फुप्फुसात खोलवर जाण्याइतकी बारीक नसते, हे खरे. पण भोके कुणी एकच पाडून थांबत नाही. आणि जी धूळ फरशीवर दिसते ती त्या मानाने बरी. घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन् तास हवेत तरंगत राहतात.

५० मायक्रोग्रॅमची शिफारस अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने १९७४ मध्येच केली होती. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेली. तरी शिफारशीचा नियम व्हायला २०१६ उजाडले आणि बांधकामावर अंमल सुरू झाला सप्टेंबर २०१७ मध्ये. चाळीस वर्षे! आज मशीनला लटकलेले डबे, टोप्या, नळ्या दिसतात त्यातले बरेचसे या नियमाची चाहूल लागल्यावर किंवा नियम आल्यावर बाजारात आले आहेत. कारखान्यांना अचानक फुप्फुसांची कणव आली, असे मानायचे कारण नाही.

नियमातली खरी गुंतागुंत आहे ती एका तक्त्यात. तक्त्यातल्या कामासाठी सांगितलेली व्यवस्था जशीच्या तशी पाळली तर ठेकेदाराला हवेतली धूळ मोजत बसावे लागत नाही. हातातल्या ड्रिलच्या ओळीत अटी अशा: बाजारात मिळणारे झाकण किंवा टोपी आणि तिला जोडलेली धूळ ओढणारी यंत्रणा, हवेचा प्रवाह हत्याराच्या उत्पादकाने सांगितला असेल तितका किंवा जास्त, ९९ टक्के वा अधिक कार्यक्षमतेचा फिल्टर, आणि तो फिल्टर साफ करण्याची सोय. त्याच ओळीत पुढे म्हटले आहे की पाडलेली भोके साफ करताना हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणारा. म्हणजे भोक पाडताना ९९ टक्के चालतो आणि तेच भोक झाडताना ९९.९७ लागतो. शिवाय ९९ टक्के कोणत्या आकाराच्या कणांचे, हे त्या ओळीत लिहिलेले नाही.

यावरून बराच खल झाला. एका बाजूचे म्हणणे, सरसकट हेपाच हवा होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, बारीक फिल्टर लवकर बुजतो, ओढ मंदावते आणि धूळ डब्यात न जाता खोलीत येते. मला दुसरी बाजू जास्त पटते. हेपाचे स्टिकर सगळे वाचतात, पण फिल्टर साफ करायची कळ कुठे आहे हे फार कमी जण बघतात. ती कळ नसलेल्या डब्याचा कागदावरचा टक्का कितीही असो, बुजलेल्या फिल्टरमागे त्याला अर्थ उरत नाही. हवेचा प्रवाह किती हवा हे उत्पादकावर सोडणे मात्र पटत नाही. डबाही त्याचाच आणि मापही त्याचेच. खोक्यावर ‘तक्त्यानुसार’ असे छापलेले असते त्याचाही अर्थ नीट घ्यावा: नियम करणारी सरकारी यंत्रणा कोणत्याही हत्याराला मान्यता देत नाही. नियम पाळला गेला की नाही, हे काम कसे केले त्यावर ठरते.

युरोपात फिल्टरपेक्षा अख्ख्या व्हॅक्यूमला वर्ग देतात: एल, एम, एच. एल वर्गातून एक टक्क्यापेक्षा कमी धूळ निसटावी, एममधून ०.१ टक्क्यापेक्षा कमी, एचमधून ०.००५ टक्क्यापेक्षा कमी. खरेदी करणाऱ्याला ही पद्धत अधिक सरळ पडते.

मशीनवरच्या डब्यांतही दोन घराणी झाली. काहींत मशीनच्या मोटरवरचाच पंखा ओढ देतो. ट्रिगर सोडला की ओढही थांबते. काहींत मशीनच्या बॅटरीवर चालणारी वेगळी छोटी मोटर असते आणि ती ट्रिगर सोडल्यावरही काही सेकंद फिरत राहून नळीतली उरलेली भुकटी आत घेते. बिट बाहेर काढताना तोंडातून धूळ सांडते ती नेमकी त्याच क्षणी, म्हणून स्लॅबला खालून भोके पाडायची असतील तर दुसरी जात बरी. दोन्हींना बिटची लांबी आणि भोकाची खोली यांची मर्यादा आहे, आणि दोन्हींचे नोझल भिंतीला सपाट टेकले नाही तर सगळे मुसळ केरात. डबा रिकामा करताना तो खोलीतच आपटला तरी तेच.

अलीकडे खाणीतला पोकळ बिट उलट्या दिशेने परत आला आहे: आता त्यातून हवा आत ओढली जाते आणि भुकटी टोकाशीच उचलली जाते. केमिकल अँकरच्या (भोकात रसायनाने चिकटवायच्या बोल्टच्या) भोकांना फुंकणे, ब्रश फिरवणे, पुन्हा फुंकणे हा खटाटोपही अशा बिटने टळू शकतो, मात्र त्या अँकरच्या मान्यतापत्रात तसे नमूद असावे लागते. पोकळ बिटला वेगळा, जोरदार व्हॅक्यूम लागतो. तोही आता बॅटरीवर मिळतो आणि ट्रिगर दाबताच वायरलेस सिग्नलने सुरू होतो. रॉलप्लगच्या (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या गुटक्याच्या) ६ मिलिमीटरच्या भोकांसाठी मात्र पोकळ बिट सहसा मिळत नाही. तिथे अजून मशीनवरच्या डब्यावरच भिस्त आहे.