‘विक्रांत’ दारुखान्यात कशी पोचली

मुंबईत रे रोडला उतरून पूर्वेला चालत गेलं की दारुखाना लागतो, जुनी जहाजं तोडायची जागा. लोखंडी पत्रे, साखळदंड, जुन्या बोटींची दारं, बंबांचे सांगाडे, सगळं किलोच्या भावात. २०१४ च्या नोव्हेंबरात इथे आयएनएस विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवर गॅसकटर चालले. १९७१ च्या युद्धाचं तरंगतं स्मारक म्हणून जिला जपायचं ठरलं होतं, तीच ही नौका.

गंमत म्हणजे तिचा जन्मही ‘नको असलेलं जहाज’ म्हणूनच झाला. १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी ‘हर्क्युलिस’ नावाने तिची बांधणी सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, तोवर महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टमध्ये उरलेलं काम पुरं झालं आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती ‘विक्रांत’ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते.

१९७१ ला ती धड नव्हती. एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे वेग घटलेला. आणि डेकवरून विमान उडवायला तर जहाजाचा वेग लागतो. तरीही तिला बंगालच्या उपसागरात धाडलं गेलं. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले, आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट आवळली गेली. तिला बुडवायला आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ स्वतःच तळाशी गेली. ‘विक्रांत’ वाचवा म्हणणाऱ्यांच्या तोंडी पुढे हेच दिवस होते.

३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. तिचं कायमचं संग्रहालय करायचं हे राज्याने उचलून धरलं, केंद्राचीही मंजुरी मिळाली. २००१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. शाळेच्या सहली आल्या. खालच्या हँगरमध्ये विमानांच्या पंखांखालून पोरं वाकून जायची. गेटवेजवळच्या ऑयस्टर रॉकपाशी तिला कायमची जागा द्यायची योजनाही चर्चेत होती. चर्चेतच राहिली.

पुतळा चौथऱ्यावर बसवला की महापालिकेने पाणी मारलं तरी भागतं. जहाजाचं तसं नाही. पाण्याखालचं पोलाद खारट पाण्यात रोज थोडं थोडं खाल्लं जातं, ठरावीक काळाने गोदीत चढवून तळ खरवडावा लागतो, प्लेटा बदलाव्या लागतात. हा खर्च न संपणारा. शिवाय ती उभी होती नौदल गोदीत, जिथे चालत्या जहाजांनाच जागा पुरत नाही. राज्य म्हणे पैसे नाहीत, नौदल म्हणे आता जहाज धोक्याचं झालंय. माझ्या मते खरा वाद ‘विक्रांत’ जपावी की नाही हा नव्हताच. जपावी यावर सगळेच राजी होते. बिल कोणाच्या नावाने फाडायचं, एवढाच प्रश्न होता. त्याला पंधरा वर्षांत उत्तर मिळालं नाही.

२०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं. २०१३ च्या डिसेंबरात लिलावाचा निर्णय झाला. जनहित याचिका दाखल झाली, जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, आणि सुमारे ६० कोटींना सौदा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मध्यंतरी तोडणीला स्थगितीही मिळाली. पण ऑगस्टमध्ये तिथेही याचिका टिकली नाही. तोवर ती दारुखान्याच्या चिखलात येऊन टेकलेली होती.

तोडलेल्या पोलादातलं थोडं शिल्पकार अर्झान खंबाटा यांच्याकडे गेलं. त्यातून घडलेलं स्मारक २५ जानेवारी २०१६ रोजी मुंबईतल्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभं राहिलं. सातशे फुटांच्या जहाजाचं एवढंसं स्मारक, आणि तेही रहदारीत. आणखी थोडं पोलाद बजाजने घेतलं. त्याच वर्षी ‘व्ही’ मोटारसायकल आली, तिच्या पेट्रोलच्या टाकीत ‘विक्रांत’चा धातू असल्याची जाहिरात झाली. काही वर्षं सिग्नलला अशी गाडी शेजारी थांबली की लोक वाकून टाकीकडे बघायचे.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिच्या अंगावर आकडा तोच, आर-११. ब्रीदही तेच ऋग्वेदातलं: ‘जयेम सं युधि स्पृधः’.